मुलगा होल्डनसारखा बोलायला लागलाय, पुस्तक काढून घेऊ का?

पत्र थोडक्यात: नाशिकच्या एका आईचं पत्र आहे. मुलगा साडेसोळा वर्षांचा, अकरावी सायन्स, कॉलेज नावापुरतं आणि दिवसभर जेईईचा क्लास. दहावीला ९२ टक्के होते. गेल्या दिवाळीत मामेभावाने त्याला 'द कॅचर इन द राय' ही सॅलिंजरची इंग्रजी कादंबरी (होल्डन हा तिचा नायक) वाचायला दिली आणि तेव्हापासून, आईच्या शब्दांत, "पोरगं हातातून गेलं". क्लासला दांडी मारून सिटी बसने कुठेकुठे फिरतो, पाहुणे आले की खोलीत जाऊन बसतो, विचारलं तर "सगळे फेक आहेत" एवढंच म्हणतो. युनिट टेस्टला दोन विषयांत नापास झाला. वडिलांनी पुस्तकाबद्दल नेटवर शोधलं तर बीटल्सचा गायक जॉन लेनन याच्या खुन्याकडे हेच पुस्तक सापडलं होतं असं कळलं, ते हादरलेत. त्यांचं म्हणणं, पुस्तक काढून घ्यायचं आणि पोराला लातूरच्या निवासी क्लासला टाकायचं, महिनाअखेरपर्यंत डिपॉझिट भरायचंय. आईने त्याच्या मागे पुस्तक चाळलं, पेन्सिलीच्या खुणा दिसल्या, तळ्यातल्या बदकांबद्दलच्या ओळींखाली दोनदा रेघ मारलेली, "मला त्यातलं काही कळलं नाही". पत्राच्या मधेच एक वाक्य आहे: "याचे आजोबा दहावीच्या प्रीलिमच्या वेळी गेले, पण तेव्हा हा अगदी व्यवस्थित होता."

ताई,

दोन्ही प्रश्नांची उत्तरं आधीच देते. पुस्तक काढून घेऊ नका. आणि डिपॉझिटची तारीख जवळ आलीय म्हणून लातूरचं ठरवू नका, तो निर्णय महिनाभर पुढे ढकला, एखादी बॅच हुकली तरी चालेल. आता असं का म्हणतेय ते जरा सविस्तर सांगते, कारण तुमच्यासारखी पत्रं मला अधूनमधून येत असतात, पुस्तक वेगळं असतं, कधी एखादी सिरीज असते, कधी रॅपर असतो, पण घरातली भीती तीच असते.

आधी लेननचं, कारण तुमच्या मिस्टरांच्या डोक्यातून ते जाणार नाही. खरं आहे ते. डिसेंबर १९८० मध्ये न्यूयॉर्कला ज्याने लेननला गोळ्या घातल्या त्याच्याकडे हे पुस्तक होतं. पण हे पुस्तक १९५१ मध्ये आलं, त्याच्या कोट्यवधी प्रती खपल्यात, अमेरिकेत कित्येक पिढ्यांनी ते शाळेत अभ्यासाला म्हणून वाचलंय आणि त्याच अमेरिकेत पालकांच्या तक्रारींवरून कित्येक शाळांनी ते काढूनही टाकलंय. म्हणजे तुम्हाला आज जी भीती वाटतेय ती तिकडच्या आईवडिलांना सत्तर वर्षांपूर्वीच वाटून गेलीय. त्या एका माणसावरून तुमच्या मुलाचा अंदाज बांधता येणार नाही. मुलगा काय वाचतोय यापेक्षा वाचताना कुठे थांबतोय ते बघा, आणि ते तर तुम्ही बघितलंच आहे, फक्त तुम्हाला ते महत्त्वाचं वाटलं नाही.

पुस्तक चाळलंत म्हणता, पण पूर्ण वाचलेलं दिसत नाही. म्हणून गोष्ट सांगते. होल्डन कॉलफिल्ड, वय १६, पेन्सी नावाच्या बोर्डिंग शाळेतून ख्रिसमसच्या सुट्टीआधी त्याला काढून टाकलंय, पाचपैकी चार विषयांत नापास, फक्त इंग्रजीत पास. ही त्याची पहिली शाळा नाहीये, याआधीच्याही शाळा अशाच सुटल्यात. घरी पत्र पोचायला अजून काही दिवस आहेत, म्हणून तो शनिवारी रात्रीच शाळा सोडून न्यूयॉर्कला येतो आणि घरी न जाता सोमवारपर्यंत शहरात भटकत राहतो, हॉटेल, बार, टॅक्सी, पार्क. सगळ्यांना नावं ठेवतो. सिगरेट ओढतो, दारू पितो, हॉटेलच्या खोलीत पैसे देऊन एका मुलीला बोलावतो आणि ती आल्यावर म्हणतो आपण नुसत्या गप्पा मारूया का. तुम्हाला तो प्रसंग वाचून धक्का बसला असेल, पण तो परत वाचा, त्यात एक घाबरलेला आणि एकटा मुलगा आहे.

आणि हे सगळं असताना मधूनमधून तो एका गोष्टीकडे येतो आणि पटकन दुसरीकडे वळतो. त्याचा धाकटा भाऊ अ‍ॅली. ल्युकेमियाने गेला, अकरा वर्षांचा होता, होल्डन तेरा. तो गेला त्या रात्री होल्डन गॅरेजमध्ये झोपला आणि तिथल्या सगळ्या काचा त्याने मुठीने फोडल्या, हाताचं हाड मोडलं, पाऊस पडला की तो हात अजून दुखतो. आईवडील त्याला मानसोपचाराला नेणार होते असं तो सांगतो, पुढे काय झालं ते सांगत नाही. भावाच्या अंत्यविधीला तो नव्हताच, कारण त्या हातामुळे तो हॉस्पिटलमध्ये होता. मग एक बोर्डिंग शाळा, मग दुसरी, मग तिसरी. भावाचा बेसबॉलचा मिट, म्हणजे चेंडू झेलायचा हातमोजा, तेवढा तो बरोबर घेऊन फिरतो, त्या मिटवर अ‍ॅलीने हिरव्या शाईने कविता लिहिलेल्या होत्या, मैदानात उभं असताना वाचायला.

आता तुमचं ते मधलं वाक्य. आजोबा प्रीलिमच्या वेळी गेले, पण तेव्हा हा अगदी व्यवस्थित होता. ताई, माझा यातल्या 'पण'बद्दल गैरसमजही असू शकतो, मी तुमच्या मुलाला ओळखत नाही आणि एका वाक्यावरून निदान करणं चुकीचं आहे. पण काही प्रश्न विचारते, त्यांची उत्तरं मला नका पाठवू, तुमच्या तुम्ही शोधा. आजोबा तुमच्याच घरात राहायचे का? ते गेले तेव्हा याला पेपरला पाठवलंत का, की मावशीकडे ठेवलंत? दहाव्याला, तेराव्याला तो होता का? त्यांची खोली, त्यांचा पलंग, त्यांचा चष्मा, हे सगळं किती दिवसांत आवरलंत आणि ते करताना त्याला कुणी विचारलं का? आपल्याकडे बोर्डाचं वर्ष असलं की घरातलं मरणसुद्धा मुलापासून बाजूला ठेवतात, त्याच्या भल्यासाठीच ठेवतात, आणि मुलगा ९२ टक्के आणतो म्हणजे सगळं ठीक झालं असं सगळेच धरून चालतात. तो व्यवस्थित होता कारण घरात त्या वेळी सगळ्यांना तो व्यवस्थित हवा होता. हे मी दोष देण्यासाठी लिहीत नाहीये, त्या दिवसांत तुम्हीही सासरे गेल्याचं दुःख आणि पाहुण्यांचा राबता आणि याची परीक्षा असं सगळं एकटीने ओढलं असणार.

बदकांचं सांगते. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये तळं आहे, त्यात बदकं असतात, आणि होल्डनला प्रश्न पडलाय की हिवाळ्यात तळं गोठतं तेव्हा ती बदकं कुठे जातात, कुणी ट्रक आणून त्यांना घेऊन जातं का, की ती आपली आपण उडून जातात. दोन वेगवेगळ्या टॅक्सीवाल्यांना तो हे विचारतो. एकाला वाटतं हा चेष्टा करतोय, दुसरा चिडतो आणि माशांबद्दल काहीतरी सांगत बसतो. सरळ उत्तर कुणी देत नाही. तुमच्या मुलाने याच ओळींखाली दोनदा रेघ मारलीय म्हणजे त्याच्या मनात अमुकच आहे असं मी म्हणणार नाही, पण "सगळे फेक आहेत" या वाक्यापेक्षा ही रेघ कितीतरी जास्त खरी आहे. तुम्ही गेले चार महिने त्या वाक्याशी भांडताय. त्या रेघेबद्दल विचारलंत का कधी?

इथे एक गृहीतक आहे त्यावर बोलायला हवं, की हे पुस्तक म्हणजे बंडखोरीचं पुस्तक आणि होल्डन म्हणजे बंडखोर. पोरंही असंच समजून वाचतात, आईबापही असंच समजून घाबरतात. पण होल्डन नेमकं काय मोडतो ते बघा. धाकटी बहीण फीबी हिच्या शाळेत तो जातो, तिथे भिंतीवर कुणीतरी घाण शिवी लिहिलेली असते, तर हा ती हाताने पुसून काढतो, लहान पोरं वाचतील म्हणून. पुढे दुसरीकडे तीच शिवी दिसते, ती चाकूने कोरलेली असते, ती पुसली जात नाही. ज्या पुस्तकात शिव्या आहेत म्हणून ते शाळांमधून काढलं गेलं त्या पुस्तकातला मुलगा शिव्या पुसत फिरतोय. आणि न्यूयॉर्कच्या रस्त्यावरून चालताना एका क्षणी त्याला वाटायला लागतं की हा फुटपाथ संपला की मी पलीकडे पोचणारच नाही, मी नाहीसा होईन, तेव्हा तो मेलेल्या भावाला हाक मारून सांगतो की मला नाहीसं होऊ देऊ नको. मला हे वाचताना दर वेळी भरून येतं. सॅलिंजर स्वतः दुसऱ्या महायुद्धात लढून आलेला होता, १९४४ च्या जूनमध्ये नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरलेल्यांमध्ये होता, आणि होल्डनवरचं लिखाण तेव्हाही त्याच्याजवळ होतं असं सांगतात. युद्ध त्याने यात फारसं आणलं नाही, पण एवढं दुःख एका सोळा वर्षांच्या पोराच्या तोंडी कुठून आलं ते कळतं.

आपल्याकडचं उदाहरण तुम्हाला माहीत असेल. 'कोसला', १९६३, नेमाड्यांची. तिची आणि या पुस्तकाची तुलना मराठीत कायम होत आलीय. पांडुरंग सांगवीकर पुण्यात शिकायला येतो, पैसे उधळतो, परीक्षेत बोंब, बोलताना सतत 'उदाहरणार्थ', 'वगैरे' म्हणतो, आणि त्या सगळ्याच्या मधोमध मनूचं, त्याच्या लहान बहिणीचं, मरण आहे. ती कादंबरी तुमच्या घरात कुठेतरी असेलच, नसली तर वाचनालयातून आणा. इंग्रजी वाचायला तुम्हाला जड जात असेल तर ती वाचून मुलाशी बोला, "तुझ्या होल्डनसारखा आमचाही एक आहे" म्हणून. असं बोलणं त्याला चालेल, कारण त्यात तपासणी नाहीये.

आता लातूर. इथे मला तुमच्या मिस्टरांची बाजू आधी मांडायचीय, कारण ती रास्त आहे. होल्डनचा बाप मोठा वकील आहे, आजी वर्षातून चारदा वाढदिवसाचे पैसे पाठवते, खिसा रिकामा झाला तर टाइपरायटर विकून वीस डॉलर उभे करता येतात. चार विषयांत नापास होऊनही त्याच्यासाठी पुढची शाळा तयार असते. तुमच्या मुलाला तशी सोय नाहीये. अकरावीचं वर्ष वाया गेलं तर त्याची किंमत मोजावी लागेल, आणि ही किंमत त्याला कुणीतरी नीट समजावून सांगायला हवी, पुस्तक त्याला ते सांगणार नाही. होल्डन बऱ्याच ठिकाणी अन्यायानेही बोलतो, स्वतः थापा मारतो आणि दुसऱ्यांना खोटारडे म्हणतो, सिनेमाचा राग आहे म्हणतो आणि सिनेमाला जाऊन बसतो. मुलाशी यावर जरूर वाद घाला, पुस्तक वाचून घाला.

पण मुलगा बिघडला की त्याला लांब पाठवायचं हा उपाय होल्डनच्या आईवडिलांनी करून बघितलाय. पूर्ण कादंबरीत ते जवळजवळ दिसतच नाहीत, आई एका रात्री फीबीच्या खोलीत येऊन जाते तेव्हा हा अंधारात कपाटात लपलेला असतो, बस तेवढंच. आई वाईट नाहीये, अ‍ॅली गेल्यापासून तीही सावरलेली नाहीये, रात्र रात्र सिगरेट ओढत जागी असते असं तोच सांगतो. एकाच घरात दोघं एकाच माणसासाठी जागे, आणि एकमेकांना त्याबद्दल काही बोलत नाहीत. जागा बदलल्याने त्याचं काही हललं नाही, कारण जे दुखत होतं ते तो बरोबरच घेऊन गेला.

निवासी क्लास वाईटच असतो असं माझं म्हणणं नाही. लातूरला कितीतरी मुलं आपणहून जातात, मित्र मिळतात, शिस्त लागते, चांगलं करतात. फरक इतकाच की मुलगा अभ्यासासाठी जातोय की घरातून काढला म्हणून जातोय. तुमच्या मुलाला आज पाठवलंत तर तो दुसरंच समजेल. दोन महिन्यांनी त्याने स्वतः म्हटलं की जातो, तर पाठवा. तोपर्यंत आत्ताच्याच क्लासमध्ये भेटून एखादा विषय हलका करता येतो का, टेस्ट काही आठवडे न देता नुसतं लेक्चरला बसता येतं का हे विचारा. आणि तीन महिन्यांनी तो जेईई नकोच म्हणाला तर तेव्हा त्या वाटेचाही विचार करा, सायन्स सोडून जगात काहीच नाही असं नाहीये, पण आज चिडून म्हणाला म्हणून आजच सोडायला लावू नका.

बोलायचं कसं, हा खरा अवघड भाग. पुस्तकात दोन शिक्षक आहेत, दोघांनाही हा मुलगा आवडतो आणि दोघंही वेळ चुकतात. म्हातारे स्पेन्सर सर आजारी असताना याला घरी बोलावतात आणि इतिहासाचा नापास झालेला पेपर काढून त्याच्यासमोर मोठ्याने वाचून दाखवतात. तुमच्या घरी क्लासच्या ग्रुपवर मार्कांची लिस्ट येते आणि जेवताना ती वाचली जाते असं तुम्ही लिहिलंय, ते आजपासून बंद करा. दुसरे अँटोलिनी सर, होल्डनला ज्यांच्याकडे मध्यरात्री जावंसं वाटतं असे एकमेव. ते अगदी मोलाचं बोलतात, तुझ्याआधीही कितीतरी माणसं अशीच गोंधळली, त्यातल्या काहींनी ते लिहून ठेवलंय, ते वाच, असं. पण पोरगं दोन दिवस नीट झोपलेलं नाही, डोकं ठणकतंय, त्याला नुसती जांभई येते. पुढे तिथे जे घडतं, झोपेत असताना ते त्याच्या डोक्यावरून हात फिरवतात आणि तो घाबरून निघून जातो, त्याबद्दल वाचणारे अजून वाद घालतात, खुद्द होल्डनलाही नंतर खात्री राहत नाही. मला तुम्हाला एवढंच सांगायचंय की रात्री साडेअकराला क्लासहून आलेल्या मुलाला भविष्यावर लेक्चर देऊ नका, कितीही चांगलं असलं तरी. आधी जेवू द्या, झोपू द्या.

होल्डनला थांबवते ती फीबी, दहा वर्षांची. ती त्याला धारेवर धरते, तुला जगातलं काहीच आवडत नाही, एक तरी गोष्ट सांग, म्हणते. तो खूप विचार करून म्हणतो मला अ‍ॅली आवडतो. मग ती ख्रिसमससाठी साठवलेले सगळे पैसे त्याला देऊन टाकते आणि तो रडायला लागतो, थांबतच नाही. दुसऱ्या दिवशी तो कायमचा पश्चिमेला पळून जायचं ठरवतो तर ही आपली बॅग ओढत हजर, मी पण येते. तिला नाही म्हणताना त्याचं स्वतःचं जाणं राहून जातं. तुमच्या घरात हा एकुलता एक आहे, पण असं कुणीतरी असेल, तो मामेभाऊच असेल, ज्याच्याशी तो अजून बोलतो. त्याच्यावर रागावू नका पुस्तक दिलं म्हणून. त्याला रविवारी घरी बोलवा.

आणि तुम्ही स्वतः एकदा त्याच्याबरोबर बसने जा. कुठे जातोस विचारू नका, मला पण घेऊन चल म्हणा. बोलला नाही तरी जा. परत येताना आजोबांचा विषय तुम्ही काढा, तुमच्या बाजूने काढा, म्हणजे मला त्यांची अमुक आठवण येते, त्या दिवशी तुला पेपरला पाठवलं ते मला अजून टोचतं, असं. त्याच्याकडून लगेच काही निघेल अशी अपेक्षा ठेवू नका. वडिलांनाही हे करायला सांगा, त्यांचे तर वडील गेलेत, त्यांनी तरी कुणाकडे मन मोकळं केलंय?

एक गोष्ट मात्र थांबवून ठेवू नका. पुस्तकात जेम्स कॅसल नावाचा एक मुलगा आहे, वर्गातली मुलं छळतात आणि तो खिडकीतून उडी मारून जीव देतो. त्या पानांवर खुणा असतील, किंवा मुलगा झोपत नसेल, जेवण सोडलं असेल, आवडत्या वस्तू वाटून टाकत असेल, जगण्यात अर्थ नाही असं बोलत असेल, तर त्याला सरळ विचारा, "तुझ्या मनात जीव द्यायचे विचार येतात का?" विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. होकार आला तर त्याला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या. सरकारची टेलि-मानस हेल्पलाइन आहे, १४४१६, फुकट आहे, चोवीस तास असते, मराठीत बोलता येतं, आणि तुम्ही आई म्हणूनही त्यावर फोन करू शकता. असं काही नसलं तरी समुपदेशकाकडे दोनचार वेळा जाऊन आलात तर वाईट नाही, फक्त "तुला दाखवायला नेतोय" असं न म्हणता तिघं मिळून जा.

तुम्ही विचारलंय की हे वय असंच असतं का, आपोआप सरेल का. थोडंफार सरतं. कादंबरीच्या नावातच होल्डनचं एक स्वप्न आहे, राय नावाच्या धान्याच्या शेतात हजारो लहान मुलं खेळतायत, शेताच्या टोकाला कडा आहे आणि हा कड्यापाशी उभा राहून पडणाऱ्या प्रत्येक मुलाला झेलतोय. शेवटी सेंट्रल पार्कमध्ये फीबी मेरी-गो-राउंडच्या घोड्यावर बसते, मुलं फिरता फिरता सोनेरी कडी पकडायला हात लांब करतात, तीही करते, आणि होल्डनला भीती वाटते की पडेल, पण तो काही बोलत नाही. मुलांना कडी पकडायची असेल तर पकडू द्यावी, पडली तर पडली, असं तो म्हणतो. तो तिथून निघून मात्र जात नाही, भिजत बाकावर बसून राहतो. दोन दिवसांत त्याचं काही मोठं होणं झालं असेल तर ते मला इथे दिसतं, आणि हे तुमच्या मिस्टरांनी वाचावं असं मला फार वाटतं, पूर्ण पुस्तक नको असेल तर शेवटची दोन प्रकरणं तरी.

पुस्तक मुलाच्या मागे पुन्हा उघडू नका. त्याच्याकडे मागा, "वाचायला देतोस का, तुझ्या खुणांसकट" म्हणा. नाही म्हणाला तर दुसरी प्रत विकत आणा. आणि लातूरवाल्यांना या आठवड्यातच फोन करून सांगा की या बॅचला आम्ही नाही, म्हणजे घरात त्या तारखेवरून रोजचा ताण तरी राहणार नाही.